डोळ्यांची उंची

४ मार्च

जावईबापू,

पोचल्याचं तुमचं पत्र मिळालं. चिंगीला तिथल्या बालवाडीत घातलंत हे बरं केलंत. तुमच्या बहिणीचं घर लहान आहे म्हणता, पण लहान घरात पोरीला कुणी ना कुणी सारखं समोर दिसत राहील. इथे माझ्या तीन खोल्यांत दिवसभर माझ्याच पायांचा आवाज येतो.

तुम्ही करून दिलेली कवळी खालच्या बाजूला अजून लागते. बोलत राहिलं की बसेल असं तुम्ही म्हणाला होतात. बोलायचं कुणाशी ते सांगितलं नाहीत.

आता कामाचं. कलादालनातून दोन माणसं माझ्या ठकीचं कामावर राहिलेलं सामान घेऊन आली होती. जुन्या चित्रांच्या डागडुजीला लागणाऱ्या बाटल्या, कापसाचे बोळे वगैरे दालनाचं, ते तिथेच राहिलं. मला मिळालं ते म्हणजे तिचा कामाचा डगला, चहाचा पेला आणि एक चित्र. चित्र तिनं स्वतः काढलेलं. लग्नाआधी ती काढायची, मग दुसऱ्यांची चित्रं दुरुस्त करण्यातच तिचा वेळ जायला लागला, असं मी धरून चाललो होतो. तुम्हाला ठाऊक असेल.

चित्र त्याच कलादालनाचं आहे. लांबट खोली, राखाडी-हिरव्या भिंती, दोन्हीकडे ओळीनं चौकटी. मधे लाकडी बाक. कोपऱ्यात पहारेकऱ्याची खुर्ची, रिकामी. समोर उघडं दार आणि त्यातून पुढच्या खोलीची थोडी फरशी दिसते. माणूस एकही नाही. आणि भिंतीवरच्या चौकटींत काहीच नाही. सगळ्या पांढुरक्या, दुधाळ.

दालनाच्या प्रमुख बाईंना ते तिच्या आठवणीसाठी लावायचं आहे. शेजारच्या पाटीचा मजकूर त्यांनी घरच्यांच्या संमतीसाठी पाठवलाय. तो असा: "ज्या दालनात तिने आयुष्य वेचले ते येथे रिते झाले आहे. खुर्चीवरून कोणी उठून गेले आहे, दार उघडे आहे, चौकटींतून चित्रेही निघून गेली आहेत. चित्रकर्तीने शांतपणे घेतलेला हा निरोप आहे."

निरोप हा शब्द वाचला आणि मी कागद पालथा घातला. निरोप घ्यायचा तर आपण जाणार हे माणसाला ठाऊक असावं लागतं.

ट्रकवाल्यानं पोलिसांना काय सांगितलं ते तुम्हीही ऐकलंत, मीही ऐकलं. "बाई कडेला थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि चालायला लागल्या." तेव्हापासून आपण दोघांनी त्या वाक्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. आता मी विचारतो. तो अपघातच होता ना? तुम्ही तिच्याबरोबर राहत होता. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. पाटीवर सही करायची की नाही ते मग बघू.

चिंगीला पापा.

आबा

१९ मार्च

आबा,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. इथल्या डॉक्टरकडे कवळ्यांचं काम एवढं आहे की रात्री डोळे मिटले तरी दातच दिसतात. तुमची कवळी कुठे लागते तिथे जीभ फिरवून बघा. टोक लागत असेल तर डबीत घालून पाठवून द्या, मी घासून परत पाठवतो. कानस लावू नका. मागच्या वेळी लावली होतीत, मला लगेच कळलं होतं.

चित्रातलं मला काही समजत नाही. ती काढत होती हे माहीत होतं, पण मी ते पाहिलेलं नाही. आबा, पाटीवर काहीतरी लिहावं लागतं म्हणून लिहितात. शोकसभेत बोलतात तसंच. सही करून टाका. लोक येतील, वाचतील आणि पुढच्या चित्राकडे जातील.

दुसरं जे विचारलंत त्याचं उत्तर: तो अपघात होता. पोलिसांनी तसंच लिहिलंय.

चिंगी बरी आहे. घरात जी खुर्ची दिसेल तिच्याखाली जाऊन बसते. परवा आत्या म्हणाली, "बाहेर ये गं, उंदीर आहेस का?" तर म्हणाली, "उंदराला आई असते?" आत्या डोळ्यांना पदर लावून आत गेली. मी म्हटलं, असते. तर म्हणते, "कुठे असते?" मी तिला पाणी प्यायला दिलं. 

तब्येतीला जपा.

आपला,
चिंगीचा बाबा

२ एप्रिल

जावईबापू,

"तो अपघात होता" हे तुमचं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. त्याच्या पुढच्याच वाक्यात पोलीस आले नसते तर मला झोप लागली असती.

सही मी केलेली नाही. का ते सांगतो, जरा सावकाश वाचा.

चित्र बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलंय, जाता-येता समोर असतं. त्यातले रंग मला कळत नाहीत. पण जन्मभर जमिनी मोजल्या, तेव्हा बघता बघता माझी नजर रंगांवरून रेषांवर गेली. रेषा काटेकोर आहेत. शाळेत असताना ती माझ्या नकाशांना शाई भरायची, हात तिथेच बसलाय.

लांब खोलीत फरशीच्या, छताच्या, चौकटींच्या कडा दूर जाताना एका बिंदूकडे धावतात. तो बिंदू बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. उंच माणसाला वर, बुटक्याला खाली. मी चित्रावर पातळ कागद घालून पट्टीनं रेषा लांबवल्या. बिंदू उघड्या दाराच्या कडीच्याही खाली आला. ठकी माझ्याएवढी उंच. ती उभी राहून काढत असती तर तो कडीच्या बराच वर यायला हवा होता. पुन्हा मोजलं, तरी तेच. मग दालनात फोन करून पहारेकऱ्याला बाकाची उंची विचारली. "आजोबा, बाक विकत घेताय का?" म्हणाला, पण मोजून सांगितली. हिशेब केला. बघणाऱ्याचे डोळे बाकाच्या फळीच्या वर जेमतेम दोन विती येतात.

एवढ्याशा उंचीवर कुणाचे डोळे असतात? स्वयंपाकघराच्या दाराला चिंगीच्या उंचीची पेन्सिलीची खूण आहे. तुम्ही निघालात त्या दिवशी मीच केलेली. त्यातून कपाळ वजा केलं. जुळतं, जावईबापू! एक बोटही इकडेतिकडे नाही.

ठकीनं ते दालन चिंगीच्या डोळ्यांनी बघून काढलंय. म्हणून बाक एवढा थोरला दिसतो. म्हणून खुर्ची रिकामी असूनही धाक घालते. आणि चौकटींत काही नाही, कारण मोठ्यांच्या चित्रांत एवढ्याशा पोरीला काय कळणार? तिला सगळी सारखीच. लेकीच्या उंचीला येऊन जिनं अख्खी खोली बघितली ती निरोप कसला घेते? ती तिला तिथे घेऊन जाणार होती. आणि ट्रककडे तिनं बघितलं असेल, पण तो तिला दिसला नसेल. माणूस विचारात असला की बघतो आणि दिसत नाही. माझं कितीदा झालंय.

हे सापडलं त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

प्रमुख बाईंना कळवलं. "हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं" असं त्यांचं उत्तर आलं. पाटी बदलणार आहेत. सोबत चिंगीसाठी वेगळा कागद आहे, तो तिला वाचून दाखवा.

आबा

(चिंगीसाठी)

चिंगूताई,

तुझ्या आईनं एक मोठं चित्र काढलंय. ते काढताना ती तुझ्याएवढी झाली होती. तुझ्या डोळ्यांना जसं दिसेल तसं तिनं सगळं काढलं. तू इकडे आलीस की आपण दोघं आईच्या दालनात ते बघायला जाऊ. तू चित्रासमोर उभी राहा, म्हणजे सगळं बरोब्बर जुळेल. आबांनी मोजलंय, आणि आबांचं माप चुकत नाही.

२१ एप्रिल

आबा,

तुमचा कागद मी आधी एकट्यानं वाचायला हवा होता. तिला मांडीवर घेतलं आणि थेट वाचायला लागलो. मधे थांबता आलं नाही.

ती खुर्चीखालून बाहेर आली, हे खरं. पहिले दोन दिवस घरभर नाचत होती. बालवाडीत बाईंना सांगून आली की माझ्या आईनं माझे डोळे घेतले होते. मला विचारते, "आई माझ्याएवढी झाली होती, मग आता केवढी आहे?"

आता ती जेवत नाही. दाराशी टाचा टेकवून उभी राहते, डोक्यावर हात ठेवते, वळून बघते. वाढायचं नाही म्हणते. वाढले तर चित्र जुळणार नाही. आत्या घास घेऊन गेली की तोंड घट्ट मिटून घेते. दूध पाजलं तर बेसिनपाशी जाऊन थुंकते. डॉक्टर म्हणाले, दोनचार दिवसांत विसरेल. आठवडा होऊन गेला, झोपेत पाजलेल्या दुधावर चाललंय. आत्या मला म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांना दुसरा उद्योग नाही का?" आणि मग तीच रडली.

म्हणून लिहितो, नाहीतर हे तुम्हाला कळू देणार नव्हतो.

चिंगी त्या दालनात कधीही गेलेली नाही. मी म्हणायचो, ने की एकदा. ठकी न्यायची नाही. दालन बंद असायचं त्या दिवशी ती तिथे भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेली असायची. पहिल्यांदा पहारेकऱ्यानं मला फोन केला, "साहेब, मॅडम उठत नाहीयेत." मी धावत गेलो. मला म्हणाली, "उठते रे. जरा थांब." मीही शेजारी बसलो. बरंच बसलो.

नंतर नंतर तसंच होऊ लागलं. ठकीचे डॉक्टर म्हणाले हाताला काही चाळा द्या, तेव्हा पहारेकऱ्यानंच तिचे रंग त्या जागी आणून दिले. फरशी गार म्हणून चित्रं गुंडाळायची जाड घोंगडी घडी घालून बसायला दिली. त्या घडीवर बसून तिनं ते काढलंय. तुमचं माप बरोबरच असणार. पण ते चिंगीचं नाही, आबा.

गोळ्या चालू होत्या. तुम्हाला सांगायचं नाही असं तिनं बजावलं होतं. "आबांना कळलं तर टेप घेऊन येतील आणि कुठे किती दुखतंय ते मोजतील." असं म्हणून हसली. तिचं हसणं तेव्हा इतकं दुर्मीळ झालं होतं की मी तिला हो म्हणून टाकलं.

त्या सकाळी तिनं चिंगीच्या वेण्या घातल्या. एक वर, एक खाली. मला म्हणाली, "येताना रबरबँड आणते, हा तुटायला आलाय." मी याचा रोज वेगळा अर्थ लावतो. ज्या बाईला संध्याकाळी रबरबँड आणायचाय ती असं कशाला करेल, असं सकाळी वाटतं. आणि जी बाई कित्येक महिने उद्याचं काही बोलत नव्हती ती नेमकी त्याच दिवशी का बोलली, असं दुपारी वाटतं. "अपघात" हे पोलिसांचं उत्तर होतं. मला माहीत नाही, हे माझं.

चिंगी रोज विचारते, आबांकडे कधी जायचं? तिला काय सांगू ते तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं होत नाही.

चिंगीचा बाबा

९ मे

जावईबापू,

चिंगी जेवते का ते आधी कळवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचं पत्र आल्यावर काही दिवस मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग दालन बंद असतं त्या दिवशी तिथे गेलो. पहारेकऱ्यानं दार किलकिलं करून विचारलं, कोण? मी म्हटलं, बाकाची उंची विचारणारा. "अच्छा, बाकवाले आजोबा!" असं म्हणून हसला, मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्याचं हसणं गेलं. ठकी माझ्या तोंडवळ्याची होती. काही न विचारता त्यानं आत घेतलं आणि घोंगडी काढून आणली.

जागा त्यानंच दाखवली. तिथे भिंतीचा रंग पाठीच्या उंचीपर्यंत गुळगुळीत झालाय. त्याच्या खांद्याला धरून मी खाली बसलो.

सगळं जुळतं. बाक, दाराची कडी, पलीकडची फरशी. आणि चौकटींचंही कळलं. त्या दालनाला वरून उजेड आहे, छताला काचा आहेत. भिंतीवरच्या चित्रांनाही काच आहे. उभं राहिलं की चित्रं नीट दिसतात. खाली बसलं की छताचा सगळा उजेड त्या काचांत उतरतो आणि चित्र दिसेनासं होतं. एकूणएक चौकट पांढरी. बाईंनी लिहिलं, चित्रं निघून गेली. मी लिहिलं, लहान मुलीला चित्रं कळत नाहीत. तिनं आपलं दिसत होतं ते काढलं होतं.

दालन चित्रांनी भरलेलं होतं, जावईबापू, आणि ती होती तिथून त्यातलं एकही दिसत नव्हतं. उठून उभी राहिली असती तर सगळी दिसली असती. हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. त्यातली कितीतरी तिनं स्वतःच्या हातांनी साफ केली होती. कुठल्या चौकटीत काय आहे ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. माहीत असून बसून राहिली.

रस्त्यावर काय झालं त्याचं उत्तर तिथे नाही. मी तेच शोधायला गेलो होतो. आता कुणाला विचारणार नाही, तुम्हालाही नाही. मी मागितलं म्हणून तुम्ही पोलिसांचं उत्तर दिलंत. माझंच मागणं चुकीचं होतं.

आणखी एक सांगायचं आहे, ते तुमच्यापाशीच राहू द्या. बसल्यावर मला उठावंसं वाटेना. गुडघे दुखतातच, पण त्यामुळे नाही. त्या पांढऱ्या चौकटींकडे बघत राहिलं की उठून करायचं काय हा प्रश्न पडतो. पहारेकऱ्यानं हात पुढे केला. "चला आजोबा, कुलूप लावायचंय." मी विचारलं, तिलाही असंच म्हणायचात का? तर म्हणाला, "त्यांना म्हणायचो, मॅडम, माझी बस जाईल. मग उठायच्या. माझी बस चुकू नये म्हणून उठायच्या हो."

घरी येताना बसमधून उतरायचं राहून गेलं. एक फेरी जास्त झाली.

पाटीचा नवा मजकूरही मी मागे घ्यायला लावलाय. नुसतं तिचं नाव आणि चित्राचा आकार लिहा म्हटलं. बाई म्हणाल्या, लोक विचारतात हो. म्हटलं, विचारू द्या.

आता चिंगीचं. तिला तुम्ही काही सांगू नका, आत्यांनाही सांगू देऊ नका. त्यांना माझ्यावर रागवायचा हक्क आहे, तो त्यांनी मी आल्यावर बजावावा. आमच्या मोजणीत रीत अशी होती की आकडा चुकला तर दुसऱ्यानं तो खोडायचा नाही. ज्यानं माप घेतलं त्यानंच त्यावर एक रेघ मारायची, खाली जुना आकडा वाचता आला पाहिजे अशी. मग वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. चिंगीला चुकीचं माप मी दिलं. तेव्हा रेघ मीच मारणार.

चार दिवस तिच्यासाठी कागद लिहायला बसतोय. "चिंगूताई, आबांचं माप चुकलं" एवढं झालं. रेघ मारणं सोपं आहे. वर लिहायला बरोबर आकडा माझ्याकडे नाही. आई खाली का बसायची हे मला स्वतःला कळत नाही, ते एवढ्याशा पोरीला काय सांगू? मग लिहिलं, "तू पोटभर जेव, मोठी हो, काही बिघडत नाही." वाचून बघितलं. त्याचा अर्थ एवढाच निघतो की चित्र तुझ्यासाठी नव्हतंच, तेव्हा तू कितीही वाढ. तिनं जेवावं म्हणून तिच्याकडून तिची आई काढून घ्यायची. आणि नाही काढून घेतली तर ती जेवत नाही. मी कागद फाडला.

तेव्हा तिच्यासाठी या पाकिटात काही नाही. मी स्वतः येतो. सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. मला दारात पाहिल्याबरोबर ती धावत येईल, टाचा भिंतीला टेकवून ताठ उभी राहील आणि विचारेल, आबा, जुळतं ना? तिथपर्यंत मला सगळं दिसतं. त्याच्या पुढचं काही दिसत नाही.

आबा